बळ आलं की बसून राहायचं

१२३२ साली मंगोल फौजांनी चीनमधल्या काइफेंगला वेढा घातला. जिन राजघराण्याची ती राजधानी. आसपासच्या मुलखातून जीव मुठीत धरून आलेली माणसं तटाच्या आत दाटीवाटीने राहत होती. धान्य संपत चाललेलं, रात्री डोळ्याला डोळा नाही. काही आठवड्यांनी वेढा सैल झाला आणि त्यानंतर माणसं तापाने पटापट मरायला लागली. शहराच्या बारा वेशींमधून रोज हजाराच्या हिशेबात प्रेतं बाहेर नेली जात होती आणि हे जवळजवळ तीन महिने चाललं, असं ली दोंगयुआन या वैद्याने पुढे लिहून ठेवलं. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता आणि त्याच शहरात अडकला होता.

त्याच्या भोवतालचे वैद्य हा ताप बाहेरून बाधलेल्या थंडीवाऱ्याचा धरून चालले होते. रिवाजाप्रमाणे ते घाम काढायची नाहीतर कोठा साफ करायची औषधं देत आणि रोगी हातचा जाई. लीचं म्हणणं वेगळं होतं. या माणसांना बाहेरून काही बाधलेलं नाही, अर्धपोटी राहून, राबून आणि धास्तावून त्यांच्या आतलंच बळ उपसलं गेलंय, आणि तुम्ही ते आणखी उपसताय. स्वतःच्या आईच्या वेळी त्याने हेच पाहिलं होतं. एकामागून एक वैद्य आले, प्रत्येकाने आपापलं निदान केलं आणि ती कशाने गेली हे शेवटपर्यंत कळलं नाही. घरची श्रीमंती होती, म्हणून भरघोस गुरुदक्षिणा मोजून तो वैद्यकी शिकला. काइफेंगमध्ये पाहिलेलं त्याने १२४७ आणि १२४९ सालच्या दोन ग्रंथांत मांडलं. त्यातला एक काढा, बू झोंग यी छी थांग, आजही चीनपासून जपानपर्यंत थकव्यासाठी दिला जातो.

मला हा ली दोंगयुआन भेटला तो सिंगापुरात, एका एचडीबी ब्लॉकच्या, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या इमारतीच्या, तळमजल्यावरच्या दवाखान्यात. तोपर्यंत मी बरेच महिने आजारी होते.

आजार काय आहे ते आधी सांगते, कारण ‘थकवा’ या शब्दाने काहीच कळत नाही. साधा ताप आला, गेला आणि त्यानंतर मी पूर्वीची झालेच नाही. केस धुतले की हात खाली यायचे. लिफ्टची वाट पाहत उभं राहिलं की छाती धडधडायची. वाचताना वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात निसटलेली असायची. रात्रभर झोपून उठलं तरी अंग रात्रपाळी करून आल्यासारखं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे ही घसरण लगेच येत नाही. आज बरं वाटलं म्हणून भाजी आणली, पाहुण्यांशी तासभर बोलले, तर उद्याही ठीक. परवा मात्र अंथरुणातून उठता येत नाही, घसा दुखतो, उजेड सहन होत नाही. श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण हेच या आजाराचं मुख्य लक्षण. त्याला एमई (मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस) किंवा सीएफएस (क्रॉनिक फटिग सिंड्रोम) म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली जे निकष ठरवले, त्यांत ही घसरण, ताजंतवानं न करणारी झोप आणि सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची ताकद फार घटलेली असणं हे तिन्ही असावं लागतं. शिवाय विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी एक तरी.

रक्ताची अशी एकही तपासणी नाही की जिच्यात हा आजार दिसेल. त्यामुळे आधी बाकी सगळं वगळायचं असतं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, झोपेत श्वास अडतो का ते. आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता इतकी आढळते की ते न तपासता कुणीही ‘क्रॉनिक फटिग’ हा शब्द तोंडातून काढू नये. माझं सगळं नॉर्मल आलं. नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन घरी येताना जे वाटतं, ते हा आजार असलेल्यालाच कळेल.

या आजाराशी आधुनिक वैद्यक कसं वागलं, याचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये जवळजवळ तीनशे कर्मचारी अशाच काहीतरी आजाराने पडले आणि हॉस्पिटल काही महिने बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी त्या रुग्णांना न भेटता, जुन्या केसपेपरांवरून, तो हिस्टेरिया ठरवून टाकला. आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या, हा त्यांच्या मुख्य मुद्द्यांपैकी एक! २०११ साली ब्रिटनमधल्या ६४१ रुग्णांवरच्या एका मोठ्या चाचणीने निष्कर्ष काढला की व्यायाम हळूहळू वाढवत नेला की हे लोक सुधारतात. त्याच्या जोरावर जगभर रुग्णांना ‘रोज थोडं जास्त चाला’ असं सांगितलं गेलं. चालून चालून कित्येक जण अंथरुणाला खिळले. त्या चाचणीवर रुग्णांनी आणि संशोधकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२१मध्ये ‘नाइस’ने, म्हणजे उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनमधल्या सरकारी संस्थेने, मार्गदर्शक सूचना बदलल्या. ठरावीक टप्प्यांनी वाढवत न्यायचा व्यायाम या रुग्णांना देऊ नये, असं तिथे आता स्पष्ट लिहिलं आहे.

म्हणजे जे ली दोंगयुआनने तेराव्या शतकात एका शहराचं मरण पाहून सांगितलं होतं, की रिकाम्या झालेल्या माणसाला आणखी उपसू नका, ते पुन्हा मान्य व्हायला २०२१ उजाडलं. त्या काळचे ताप वेगळे होते, लीच्या रोग्यांना एमई झाला होता असं मला म्हणायचं नाही. पण तापातून उठलेल्या माणसाच्या अशक्तपणाला स्वतंत्र आजार मानायचं आणि त्याची वेगळी शुश्रूषा करायची, ही शिस्त त्या परंपरेत होती. त्याच्याही हजार वर्षं आधी, हान काळातल्या झांग झोंगजिंगच्या ग्रंथात ‘शू लाओ’ म्हणजे झिजून आलेल्या दुबळेपणावर वेगळं प्रकरणच आहे.

सिंगापुरात चिनी वैद्यांना लोक सिनसे म्हणतात. २००० सालच्या कायद्याने त्यांना नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे भिंतीवर परवाना लावलेला असतो. आमच्या सिनसेबाई साठीच्या असाव्यात. त्यांनी आधी काहीच विचारलं नाही. माझं मनगट एका लहानशा उशीवर ठेवून तीन बोटांनी नाडी पाहिली, आधी एका हाताची, मग दुसऱ्या. आधी हलकेच, मग दाबून. बराच वेळ. मग जीभ बाहेर काढायला सांगितली आणि आरसा पुढे केला. जिभेच्या दोन्ही कडांना दातांचे ठसे होते, शंकरपाळ्याची कड कातण्याने कापावी तसे. आयुष्यभर रोज दात घासताना ही जीभ मी पाहिली होती, हे ठसे कधी पाहिले नव्हते. ‘प्लीहेची छी, म्हणजे बळ, कमी पडलीय,’ त्या म्हणाल्या. त्यांच्या शास्त्रातली प्लीहा म्हणजे आपल्या शरीररचनेच्या पुस्तकातला अवयव नव्हे. अन्नाचं बळात रूपांतर करणारं ते एक काम आहे, आणि अति काळजी, अति विचार यांनी ते बिघडतं असं ते मानतात. दातांचे ठसे धडधाकट माणसांच्याही जिभेवर असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही त्या दिवशी कुणीतरी माझ्या अंगावर काहीतरी बोट ठेवून दाखवलं.

मग प्रश्न सुरू झाले. घाम कधी येतो? दुपारी अंग गरम वाटतं का? जेवल्यावर झोप येते की जेवणाआधी? पाय गार असतात का? तहान लागते, पण पाणी नको वाटतं, असं होतं का? यातला प्रत्येक प्रश्न माझी आजी विचारू शकली असती. उष्ण-थंड पदार्थांचं शास्त्र तर सिंगापुरात रोजच्या बोलण्यात आहे. तळलेलं खाल्लं की ‘हीटी’, त्यावर मुगाची पेज. हे ऐकून सांगलीहून आई फोनवर म्हणाली, ‘अगं, मग आपलंच आहे की सगळं.’ सगळं मात्र नाही. ताक या एका गोष्टीवर दोघींचं कधीच जमलं नाही. सिनसेबाईंच्या मते फ्रीजमधलं, कच्चं आणि दह्याताकाचं सगळं माझ्यासारखीला वर्ज्य. आईच्या मते दुपारच्या जेवणात ताक नसेल तर ते जेवणच नाही.

काढ्याच्या पुडीत काय होतं ते मी एक एक करून विचारून घेतलं. जाड पिवळट चकत्या हुआंगछीच्या मुळाच्या. चावून पाहिली तर कच्च्या शेंगेसारखी लागते. महागड्या जिनसेंगऐवजी दांगशेन. बाइझू. दांगग्वेइ, जिचा वास सेलरीसारखा आणि पिशवी बांधली तरी स्वयंपाकघरभर पसरणारा. वाळवलेली संत्र्याची साल, जितकी जुनी तितकी मोलाची. शेंगमा आणि छाइहू अगदी चिमूटभर, कारण त्यांचं काम बळ द्यायचं नाही, खाली बसलेलं बळ वर उचलायचं. आणि आपलं ज्येष्ठमध. हीच लीची आठ औषधं, जिनसेंगच्या जागी दांगशेन एवढाच फरक. पाणी आटवून एक वाटी राहील इतकं उकळायचं आणि कोमट असताना प्यायचं. चव गोडसर-कडवट, वाईट नाही. ज्यांना उकळायला उभं राहवत नाही त्यांच्यासाठी आता सुकवलेल्या दाण्यांच्या पुड्या मिळतात, गरम पाण्यात ढवळायच्या. या आजारात ती फार मोठी सोय आहे. जपानमध्ये हाच काढा होचूएक्कितो या नावाने मिळतो, साधे एमबीबीएससारखे शिकलेले डॉक्टर तो लिहून देतात आणि तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात तो बसतो.

काढ्याने बरं वाटतं का? सिद्ध झालेलं फार थोडं आहे. चिनी वनौषधी आणि हा आजार यावर कॉक्रेन या, जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २००९ साली निघाला. आढावा घेणाऱ्यांना त्यांच्या कसोट्या पूर्ण करणारा एकही अभ्यास मिळाला नाही. एकही नाही. चीनमधून त्यानंतर पुष्कळ निबंध आले, पण त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांत रुग्णांना आपण काय घेतोय ते माहीत असतं आणि साधा थकवा नि हा आजार एकाच टोपलीत टाकलेले असतात. सुयांचं थोडं बरं आहे. कोरियातल्या १५० रुग्णांवरच्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चरची जोड दिलेल्या दोन गटांपैकी एकाचा थकवा नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला. पण तिथे लुटुपुटूच्या सुया टोचलेला गट नव्हता. त्यामुळे गुण सुयांचा, की दर खेपेला थोडा वेळ शांत खोलीत कुणाच्या तरी देखरेखीखाली पडून राहण्याचा, हे त्यातून सांगता येत नाही. मला सुयांनी झोप लागायला मदत झाली. ही माझी गोष्ट आहे, पुरावा नाही.

चिनी वैद्यकातून खरंखुरं औषध निघू शकतं, याबद्दल मात्र वाद घालण्याचं कारण नाही. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या ग्रंथात एक वनस्पती गार पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितला आहे. त्या एका ओळीवरून तू यूयू या चिनी संशोधक बाईंना उष्णता टाळायची कल्पना सुचली आणि मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हाती लागलं. त्यांचं २०१५ सालचं नोबेल त्यासाठीच होतं. पण त्या ओळीपासून गोळीपर्यंत यायला शेकडो नमुने, प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या लागल्या. थकव्याच्या काढ्यांबाबत तेवढे कष्ट अजून कुणी घेतलेले नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. जगात लाखो लोक अंथरुणात पडून आहेत, कोविडनंतर त्यांत आणखी भर पडली आहे, आणि आठशे वर्षं वापरात असलेला काढा नीट तपासून पाहायला कुणाला सवड नाही.

आणि ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य ज्यांच्या ओठांवर असतं त्यांनी ब्रसेल्स आठवावं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. नावांच्या साधर्म्यामुळे एका मुळाच्या जागी दुसरं, ॲरिस्टोलोकियाचं मूळ आलं. शंभराहून जास्त बायकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. लीच्या काढ्यातलं ज्येष्ठमधसुद्धा जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलं तर रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. दांगग्वेइ आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिन एकत्र घेऊ नयेत. म्हणून मी सिनसेबाईंना माझ्या सगळ्या गोळ्या दाखवते आणि माझ्या डॉक्टरांना काढ्याची यादी देते. दोघांपैकी कुणालाही ते आवडत नाही, दोघंही वाचतात.

मला खरा राग आहे तो बळ विकणाऱ्या बाजाराचा. चायनाटाऊनमधल्या मेडिकल हॉलमध्ये, म्हणजे चिनी औषधांच्या दुकानात, काचेच्या बरण्यांत हिमालयातली कीडाजडी, अळीवर वाढणारी एक बुरशी, ठेवलेली असते. पिठोरागढ, धारचूलाच्या वरच्या कुरणांवर गुडघ्यांवर रांगत माणसं ती शोधतात आणि इथे ती सोन्याच्या भावाला भिडते. शेजारी गाढवाच्या कातड्यापासून केलेला अजियाओ, ‘रक्त वाढवणारा’. त्याच्या मागणीपायी आफ्रिकेतली गाढवं इतकी कापली गेली की २०२४ साली आफ्रिकन युनियनला कातड्यांसाठी गाढवं मारण्यावर बंदी आणावी लागली. पाणी वाहणारं, धान्य दळायला नेणारं घरातलं एकुलतं जनावर गेलं की तो बोजा तिथल्या बायकांच्या डोक्यावर येतो. कुणाचा तरी थकवा घालवायला तयार होणारी वस्तू दुसऱ्या कुणाला तरी थकवते. आणि विकताना सांगतात काय, तर हे घ्या म्हणजे जास्त तास काम करता येईल. लीने जे सांगितलं त्याच्या हे नेमकं उलट आहे. त्याच्या लेखी अति श्रम हेच रोगाचं मूळ. श्रम तसेच ठेवून वर औषध ओतायचं, हे त्याच्या ग्रंथात बसत नाही.

आमच्या आजारात तर हे धोक्याचं आहे. काढ्याने असो, सुयांनी असो वा आपोआप, ज्या दिवशी अंगात थोडं बळ येतं तो दिवस सगळ्यात जोखमीचा. माणूस उठतो आणि साठलेली कामं काढतो. सिनसेबाईंनी पहिली पुडी देतानाच हे बजावलं होतं. ‘दोन आठवड्यांनी तुम्हाला बरं वाटेल. तेव्हा बसून राहायचं. बरं वाटतंय म्हणून काही करायचं नाही. बळ आलं की ते आत राहू द्या.’ मग त्यांनी वहीतला कागद फाडून दिवसाचा आराखडा लिहून दिला. रात्री अकराच्या आत दिवा बंद. दुपारी जेवणानंतर आडवं व्हायचं, झोप आली नाही तरी. पेज, आलं, लाल खजूर म्हणजे वाळवलेली चिनी बोरं. भाजी चिरायची तर बसून. इंग्लंडमधल्या नव्या सूचनांत बळ बेताबेताने वापरण्याबद्दल जे सांगितलंय, ज्याला रुग्ण ‘पेसिंग’ म्हणतात, ते मी नंतर वाचलं. या कागदावर ते जवळजवळ सगळं होतं.

लीबद्दल वाचताना मला नेहमी डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. ली दोंगयुआनचं गाव म्हणजे आजचं झेंगदिंग. ते हबेइ प्रांतातल्या शिजियाझुआंगला लागून आहे, आणि त्याच शिजियाझुआंगमध्ये आपल्या सोलापूरच्या कोटणीसांची समाधी आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये गेले. आघाडीवर सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया करत उभे राहिल्याचं सांगतात. प्रकृती खालावत गेली तरी त्यांनी काम थांबवलं नाही आणि ९ डिसेंबर १९४२ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यात ते गेले. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि ती विद्या कोलकात्याला घेऊन आले. लुधियानात कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर हॉस्पिटलही उभं राहिलं. लहानपणी आम्हाला त्यांची ती बहात्तर तासांची गोष्ट आदर्श म्हणून सांगितली जायची. माझा त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण आजारी मुलीला ती गोष्ट सांगताना ‘त्यांना कुणीतरी झोपायला लावायला हवं होतं’ हेही सांगावं, असं आता वाटतं.

आज मी कुठे आहे? पूर्वीची नाही. अर्धा दिवस बसून काम करते, उरलेला अर्धा राखून ठेवते. सुया थांबवल्या. काढा सिनसेबाईंनीच कमी करत आणला, आता पावसाळी महिन्यांत तेवढा देतात. बादुआनजिन नावाचे हळू हातवारे आहेत, हाँगकाँग विद्यापीठात त्यांच्यावर अशाच रुग्णांत काम झालंय. ते मी खुर्चीत बसून करते, आणि आदल्या दिवशी बाहेर गेले असेन तर करत नाही. नवऱ्याचं ठाम मत आहे की गुण काढ्याचा. मला वाटतं, दुपारच्या आडवं होण्याचा. हा प्रश्न आम्ही सिनसेबाईंसमोर ठेवला तेव्हा त्यांनी मनगटाखाली उशी सरकवली आणि विचारलं, ‘काल रात्री किती वाजता झोपलात?’